चंद्रव्वाचा कुरकुरीत फलक

आमच्या सोलापुरात एका सरकारी साहेबानं भर रस्त्यावर एक फलक खाल्ला. अख्खा नाही, पण जवळजवळ सगळा खाल्ला आणि वर तांब्याभर पाणी प्यायला. ही गोष्ट मी बार्शीला सांगितली तेव्हा माणसं हसली. दुधनीला सांगितली, तर तिथल्या एका अडत्यानं गंभीरपणे विचारलं, कशाबरोबर खाल्ला? दुधनीकरांना नेमकं काय विचारायचं ते कळतं. शेंगाचटणीबरोबर खाल्ला.

आता सुरुवातीपासून सांगतो. जेवढं पटणार नाही तेवढं गाळून वाचा. उरेल तेही पोट भरण्यापुरतं आहे.

होम मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली चंद्रव्वा कडक भाकरी विकते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्याच्या धगीवर अशी वाळवायची की पापडासारखी मोडली पाहिजे. महिनोन्‌महिने टिकते. चंद्रव्वाच्या भाकरीचं तर काही विचारू नका. एका जवानानं तिची भाकरी सीमेवर नेली होती, तो सुभेदार होऊन, निवृत्त होऊन परत आला, तरी भाकरी तशीच कडक. सुभेदार मात्र बराच मऊ पडला होता.

आणि सोलापूरकराच्या हाताला एक खोड आहे, ती इथंच सांगून ठेवतो. कडक भाकरी समोर असली की हात तोंडाला न विचारता तिची कड मोडतो. माणूस भांडत असेल, व्याह्यांशी बोलणी करत असेल, कुणाच्या दुखवट्याला बसला असेल, हात आपला कड मोडतो. याला इथं कुणी चोरी म्हणत नाही. चंद्रव्वा तर म्हणते, ज्याचा हात कडेला जात न्हाय त्याला ताप आला आसंल, घरी न्या त्याला.

चंद्रव्वाचं वर्षाचं पोट संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेवर. जत्रेत जी विक्री होते त्यावर पुढचा पावसाळा निघतो. त्यासाठी लिंबाखालची जागा हवी, आणि जागेसाठी दरवर्षी परवाना हवा. भोगीच्या संध्याकाळपर्यंत परवाना हातात नसला की जागा पुढच्या अर्जदाराला. पुढचा अर्जदार कोण, तर टेंभुर्णीचा महिपती. हायवेवर मोमोचा गाडा लावायचा. त्याला ती जागा इतकी आवडली होती की तो रोज समोरच्या कट्ट्यावर गाडा उभा करून लिंबाच्या सावलीकडं बघत बसायचा, लोक पोरगी बघतात तसा.

परवाना देणारे साहेब म्हणजे वेणीमाधवराव. रस्ता-खाद्य परवाना कार्यालयाचे प्रमुख. घराण्यात देवळाची सेवा, त्यामुळं आवाज खणखणीत. आरती म्हणायला लागले की घंटेला काम उरत नाही. खाण्याचे शौकीन. पण त्यांचा खरा जीव कागदात. राहत्या घराचा दाखला मागायचे. मग तो दाखला ज्याचा आहे तो माणूस तुम्हीच, याचा दाखला. मग लिंबाचं झाड हे लिंबाचंच आहे, याबद्दल बागखात्याचं पत्र. एका वर्षी त्यांनी चंद्रव्वाकडं भाकरी गोल असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. ती वकिलाकडं गेली. वकिलानं आधी एक भाकरी मागून घेतली, नीट निरखली आणि मग खाल्ली. म्हणाला, आता पुरावाच राहिला नाही, दुसरी आण.

हे सगळं असं चाललेलं असताना सरकारला एकदा कुठून तरी दया आली आणि कागदकपात कक्ष निघाला. नियम साधा. कुठल्याही कार्यालयाला लोकांकडून कागद मागायचा असेल, तर आधी या कक्षाला विचारायचं. कक्षाला पटलं तर तो कागदावर आपला क्रमांक टाकणार. क्रमांक नसलेला कागद कुणी मागितला, तर लोकांनी सरळ नाही म्हणावं. त्याबद्दल कुणाचं काही अडणार नाही. आमच्याकडं या कक्षाचा माणूस म्हणून आला सुबोध. बार्शीचा. लुकडा, मान लांब, खिशाला लाल पेन्सिल. पण त्या पेन्सिलीची धार काय सांगू. घराचा दाखला ठेवला, दाखल्याचा दाखला उडवला. लिंबाचं पत्र उडवलं. गोलाईचं प्रतिज्ञापत्र वाचताना म्हणे त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या वर्षी चंद्रव्वाचा परवाना एका कागदावर आला. वेणीमाधवरावांनी सही केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरचं माणूस गेल्याचं दुःख होतं.

मग कोर्टाचा निकाल आला. आता हा निकाल काही वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. उगाच कोर्टाच्या नावानं बोटं मोडणारा मी नव्हे, माझं वय झालंय. झालं होतं असं, की एका रंगखान्यातले कामगार सूत रंगवून रंगवून कोपरापर्यंत निळे झाले होते. एकाची तर घाम पुसला की भिंत निळी व्हायची. त्यांची मागणी एवढीच, की ज्या पिंपात आम्ही हात घालतो त्यात काय आहे ते पिंपावर लिहा. तसा हुकूमही निघाला. पण मालक हुशार. तो गेला वर, कागदकपात कक्षाच्या मोठ्या साहेबांकडं, आणि म्हणाला, हा कागदाचा बोजा आहे, कापा. मोठ्या साहेबांनी कापला. कामगार कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टानं सांगितलं, की सरकारला दिलेला किंवा सरकारनं दिलेला मजकूर तेवढा या कक्षाच्या कात्रीखाली येतो. एका माणसानं दुसऱ्या माणसाला वाचायला लावलेला मजकूर येत नाही. तो लोकांचा, त्यात कक्षानं पडू नये.

पिंपांवर नावं आली. मीही त्या दिवशी पेढा खाल्ला. सगळं योग्यच झालं होतं.

पण तोच निकाल वेणीमाधवरावांनीही वाचला. रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणतात, आनंदानं. त्यांच्या लक्षात आलं, की कागद मागितला तर सुबोध कापतो. पण कागद मागायचाच कशाला? तेच सगळं लोकांना भिंतीवर लावायला सांगायचं. आपल्याकडं काही द्यायचं नाही, फक्त लोकांनी लोकांसाठी लिहून टांगायचं. तिथं सुबोधची पेन्सिल चालत नाही. कोर्टानंच सांगितलंय.

दुसऱ्या दिवसापासून फलकांचे हुकूम सुटले.

मी जातीचा पेंटर. बोर्ड रंगवण्यात आयुष्य गेलं. फ्लेक्स आल्यावर ब्रश वाळले होते, पण वेणीमाधवरावांनी फ्लेक्सला मनाई केली, कारण तो फार पटकन होतो. त्यामुळं माझे दिवस आले. भज्याच्या गाड्यानं बेसन कुणी दळलं, तेल कुणी ओतलं, कांदा चिरताना कोण रडलं, सगळं लिहायचं. चहावाल्यानं दुधाच्या म्हशीचा पत्ता लिहायचा. म्हैस गाव बदलली की बोर्ड बदलायचा. एका ऊसरसवाल्याच्या बोर्डानं त्याचं यंत्र झाकलं गेलं, मग यंत्र कुठं आहे हे सांगणारा दुसरा बोर्ड लागला, आणि त्या दोन बोर्डांच्या मधे तो स्वतः हरवला. घरच्यांनी आवाजावरून काढला. दुधनीची एस.टी. आमच्या रस्त्याला लागली की कंडक्टर खाली उतरून बोर्ड बाजूला करत पुढं चालायचा, शेतातून ऊस सारत जावं तसा. चिमण्या झाडावर बसायच्या सोडून बोर्डांवर बसायला लागल्या. झाडं दिसतच नव्हती.

चंद्रव्वाचा पहिला बोर्ड मीच केला. पत्र्याचा. मजकूर हुकमाप्रमाणं: ज्वारी कुठली, कुणाच्या शेतातली, दळली कुणी, मळली कुणी, पाणी कुठलं, चुलीचा ताव कसला, कड केवढी, कोणी खावी, कोणी खाऊ नये, मोडताना डोळे सांभाळावेत. लांबून वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी. बोर्ड तिच्या टपरीच्या दुप्पट झाला. चंद्रव्वा मागं बसली की गिऱ्हाईक बोर्ड वाचून विचारायचं, माणूस कुठाय?

मग एका दुपारी वावटळ आली आणि बोर्ड उडाला. आम्ही त्याच्यामागं पाकणीपर्यंत पळालो. पुढं आम्ही थकलो, बोर्ड थकला नाही. तो जाऊन पडला थेट टेंभुर्णीच्या चौकात, एका हॉटेलच्या दारात. हॉटेलवाल्यानं देवाची इच्छा म्हणून टांगला. तिथं भाकरी मिळत नव्हती, मिसळ मिळायची. पण तपासणीत तो पास झाला.

असले उद्योग वाढले. कुणी बोर्डाचा पत्रा गोठ्यावर घातला, कुणी चोरून विकला. तेव्हा वेणीमाधवरावांनी दोन नवी कलमं काढली. एक, मजकूर पदार्थापासून वेगळा होणार नाही असा पदार्थालाच जोडलेला असावा. दुसरं जरा कडक होतं: जो कोणी फलक नष्ट करील, त्यानं नवीन फलक लागेपर्यंत त्याच जागी उभं राहून फलकावरचा सगळा मजकूर मोठ्यानं सांगत राहावं. आणि ही दोन्ही कलमंही फलकावर लिहावीत.

भोगी जवळ आली. चंद्रव्वा माझ्या हाताला धरून सुबोधच्या कक्षात गेली. सुबोध रिकाम्या टेबलापुढं बसला होता, लाल पेन्सिलीला पुन्हापुन्हा टोक काढत. त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. निकाल दाखवला, त्यातल्या ओळी वाचून दाखवल्या. फलक हा लोकांनी लोकांना सांगितलेला मजकूर, त्यात मला बोट घालता येत नाही, कोर्टाचा मान राखला पाहिजे. चंद्रव्वानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमची कात्री कोर्टानं नेली व्हय," ती म्हणाली. "मग हितं कशाला बसलाय, टाचण्या राखायला?"

सुबोधचा चेहरा असा झाला, की मीच त्याला पाणी दिलं.

बाहेर आल्यावर तिनं मला ते पहिलं कलम परत वाचायला लावलं. पदार्थापासून वेगळा होणार नाही असा, पदार्थालाच जोडलेला. म्हणाली, "पेंटर, म्हंजे भाकरीवरच लिवायचं की ओ." मी म्हटलं, अव्वा, एवढा मजकूर भाकरीवर मावायचा नाही. ती म्हणाली, मावंल एवढी भाकरी थापू. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला भाकरीपुढं काय अवघड वाटणार?

गुळाच्या गुऱ्हाळातली मोठी काहील तिनं मागून आणली आणि चुलाण्यावर पालथी घातली. पीठ मळायला गल्लीतल्या बायका बसल्या, एका वेळी सगळ्यांचे कोपर दिसत होते, हात दिसत नव्हते. भाकरी थापली बैलगाडीच्या चाकाएवढी. माझ्या हातात ब्रशऐवजी काळ्या तिळाची परात. भोगीला भाकरीवर तीळ लावतातच, मी फक्त ते ओळीनं लावले. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, इथपासून दोन्ही कलमांपर्यंत, वेलांट्या-उकारांसकट. चाळीस वर्षं बोर्ड केले, पण एवढं सुवासिक अक्षर कधी पडलं नव्हतं.

पंचाईत झाली भाकरी उलटताना. उलथनं तर त्या मापाचं मिळेना. मग चंद्रव्वानं घरातली नवीकोरी सोलापुरी चादर काढली. आम्ही चौघांनी चार कोपरे धरले, भाकरी चादरीत झेलली आणि परत काहिलीवर टाकली. भाकरी उलटली, तीळ जागचे हलले नाहीत, पण चादरीवरचा मोर भाकरीच्या वरच्या कडेला उमटला. पिसाऱ्यासकट. चंद्रव्वा म्हणाली, ऱ्हाऊ द्या, बरा दिसतोय.

वाळवून, दोरीनं बांधून भाकरी लिंबाला टांगली. आणि लगेच दुसरी पंचाईत. वाचायला जो येई, त्याचा हात कडेला जाई. एक मास्तर नुसते शुद्धलेखन बघायला आले आणि एक उकार खाऊन गेले. शेवटी मी आणि चंद्रव्वा काठ्या घेऊन दोन्ही बाजूंनी बसलो. समोर महिपती गाड्यावर बसून हसत होता. त्याचे सगळे फलक तयार होते, व्यवस्थित, पत्र्याचे. इतके की शेगडीला जागा नव्हती. पण मोमो विकायचा परवाना आधी, मोमो मग.

भोगीच्या दुपारी वेणीमाधवराव तपासणीला आले. मागं सुबोध आला, नुसता बघायला. त्याला दुसरं काम नव्हतं. माणसं जमली. चंद्रव्वानं पदर सारखा केला आणि खाली बसली. पुढचा परवाना, जत्रा, पावसाळा, सगळं त्या भाकरीला टांगलं होतं, आणि मोडायला आलेला माणूस समोर उभा होता.

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वाचत होते मोठ्यानं, देवळातल्या आवाजात. ज्वारी मंगळवेढ्याची, इथं त्यांनी बोट ठेवलं. म्हणाले, कुठल्या शिवारातली ते नाही. बोट ठेवलं आणि ते बोट सोलापूरकराचं होतं. कड मोडली. तुकडा तोंडात गेला. साहेब पुढं वाचत होते. दळणाऱ्याचं नाव आहे, जात्याचं की गिरणीचं ते नाही. पुन्हा बोट, पुन्हा तुकडा. मी काठी उचलणार, तेवढ्यात चंद्रव्वानं माझा हात दाबला. तिनं शेजारची शेंगाचटणीची वाटी उचलली आणि न बोलता साहेबांच्या डाव्या हाताशी नेऊन ठेवली.

मग काय विचारता. साहेबांची हरकत निघे, हरकतीबरोबर तुकडा निघे, तुकडा चटणीत बुडे. पाणी कुठलं यावर हरकत. ताव कसला यावर हरकत. मोडताना डोळे सांभाळावेत, हे वाक्य त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि खाल्लं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळणं डोक्यात होतं आणि भाकरी हातात. शेवटी ते स्वतःच्या कलमांपाशी आले. जो कोणी फलक नष्ट करील, इथपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज जरा भरून आला, स्वतःचीच भाषा होती. ते कलम त्यांनी एका दमात मोडलं. मग तांब्या उचलला, पाणी प्यायले, रुमालानं मिशी पुसली.

लिंबाला दोरी होती. दोरीला मोर होता. बाकी आकाश दिसत होतं.

वेणीमाधवरावांनी वही काढली आणि जाहीर केलं, की फलक अपूर्ण आहे, परवाना नाकारण्यात येत आहे. महिपतीनं गाड्याला धक्का दिला. चाकं कुरकुरली.

"राहिलेला कुटं गेला, सायेब?" चंद्रव्वानं विचारलं.

साहेबांनी मोराकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं पाहिलं. बोटांना तीळ चिकटले होते. त्यात एक पूर्ण अनुस्वार होता.

सुबोधनं खिशातून हुकमाची प्रत काढली आणि दुसरं कलम वाचलं, अगदी हळू, कुणाचा अपमान होऊ नये अशा आवाजात. गर्दीला मात्र त्यातला शब्द न्‌ शब्द ऐकू गेला. साहेब म्हणाले, हे कलम लोकांसाठी आहे. गर्दीतून एकानं विचारलं, तुम्ही कोण मग? साहेबांनी वही मिटली. नियम त्यांचाच. तो मोडला तर उद्या ज्यांच्या गोठ्यावर पत्रे आहेत ते सगळे मोकळे सुटले असते. आणि एक सांगतो, माणूस कसाही असो, वेणीमाधवरावांनी आयुष्यात स्वतःचा नियम कधी मोडला नव्हता. कुणीतरी लाकडी खोकं पुढं सारलं. साहेब त्यावर चढले.

त्यांना मजकूर पाठ होता. साचा त्यांचाच, आणि आत्ताच मोठ्यानं वाचून झाला होता. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि तो आवाज लिंबावरून होम मैदानात, मैदानातून जत्रेच्या पाळण्यांपर्यंत गेला. पाळण्यात वर बसलेल्या लोकांनी तिथूनच भाकरी मागितली म्हणतात. माणसं लोटली. कुणी म्हणालं नवं कीर्तन आहे, कुणी म्हणालं निवडणूक लागली. जे आले ते भाकरी घेऊन गेले. चंद्रव्वाला मान वर करायला सवड नव्हती. शेवटच्या कलमापाशी पोचले की साहेब पुन्हा मालदांडीपासून सुरू करायचे. कलमातच होतं, सांगत राहावं.

दिवस कलायला लागला. साहेबांनी दोन आवर्तनांच्या मधे चंद्रव्वाला विचारलं, नवा फलक कधी लागेल.

"पीठ मळायचंय की ओ," ती म्हणाली. "काहील तापायचीय. दमानं होतंय ते. तुमी बरं बोलताय, ऱ्हावा की."

तेव्हा वेणीमाधवरावांनी जे केलं ते त्यांच्या कार्यालयातल्या कुणालाही खरं वाटलं नाही. त्यांनी सुबोधला हाक मारली. "सुबोधराव," ते म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदाच बारीक होता, "यातलं काही कापता येईल का?"

सुबोध म्हणाला, फलकात मला पडता येत नाही साहेब, कोर्टाचा निकाल आहे. सवयीनं म्हणाला. आणि म्हणतानाच थांबला. मान आणखी लांब झाली. त्यानं निकाल काढला आणि ती ओळ परत वाचली. सरकारला दिलेला किंवा सरकारनं दिलेला मजकूर. त्यानं साहेबांकडं पाहिलं. कार्यालयाची वेळ होती, अंगावर सरकारी ओळखपत्र होतं, पगार चालू होता. पत्र्यावरचा मजकूर लोकांचा. भाकरीवरचाही लोकांचा. पण हा जो आता खोक्यावरून येत होता, तो नखशिखांत सरकारनं दिलेला होता.

लाल पेन्सिल खिशातून बाहेर आली. तिला इतकं टोक होतं की उन्हात चमकली.

साहेबांनी एकेक वाक्य म्हणायचं आणि सुबोधनं ते कागदावर उतरवून कापायचं, असं सुरू झालं. दळणाऱ्याचं नाव, हे कुणाला हवं? कापलं. पाण्याचा उगम, कापला. ताव कसला, कापला. कड केवढी, ते दिसतंच. कोणी खाऊ नये, इथं सुबोध जरा थांबला आणि त्यानं साहेबांनाच विचारलं, कोणी खाऊ नये? साहेब खाली बघून म्हणाले, कापा. डोळे सांभाळावेत, हे चंद्रव्वा म्हणाली ठेवा, तर सुबोध म्हणाला, अव्वा, मोडताना कुणाचा डोळा गेलाय का कधी? न्हाय गेला, ती म्हणाली. कापलं. दोन्ही कलमं साहेबांनी स्वतःच पुढं केली, आणि ती कापली जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्याइथं दात काढताना मिटतात तसे.

उरलं एवढंच: कडक भाकरी. मालक चंद्रव्वा.

सुबोधनं त्यावर कक्षाचा क्रमांक टाकला आणि सही ठोकली. कित्येक महिन्यांनी पहिली सही.

साहेबांनी सांगायचा तोच फलकावरचा मजकूर, आणि आता तो एवढाच, त्यामुळं साध्या भाकरीवर मावला. मी तीळ लावले, चंद्रव्वानं ती भाजली, वाळवली आणि मोराखाली टांगली. मोर काढायला साहेबांनी सांगितलं, पण सुबोध म्हणाला, हा मजकूर नाही, याला ना तुम्हाला हात लावता येतो, ना मला. वेणीमाधवराव खोक्यावरून उतरले तेव्हा त्यांचे गुडघे वाजले. तिथंच, भोगीचा दिवस मावळायच्या आत, त्यांनी परवान्यावर सही केली. चंद्रव्वानं परवाना बघितला, उलटा करून बघितला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. महिपती गाडा ढकलत परत टेंभुर्णीच्या रस्त्याला लागला. मी ऐकलंय, की त्याला वाटेत आमचा जुना बोर्ड दिसला आणि तो वाचून त्यानं तिथंच पोटभर मिसळ खाल्ली.

त्यानंतर काय झालं, तर गावभरातल्या बोर्डवाल्यांना अक्कल सुचली. आपापला बोर्ड साहेबांनी खावा म्हणून लोक मार्ग काढायला लागले. भजीवाल्यानं बोर्ड बेसनात बुडवून तळला. जिलेबीवाला मजकुराची एक अखंड जिलेबी घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिला. वेणीमाधवराव मागच्या दारानं ये-जा करायला लागले, डबा घरून आणायला लागले, आणि शेवटी त्यांनी फलकांचे सगळे हुकूम एका कागदानं मागं घेतले. तो कागद सरकारनं दिलेला म्हणून सुबोधकडं मंजुरीला गेला. सुबोधनं त्यातलं एक अक्षर कापलं नाही.

माझे ब्रश पुन्हा वाळले, ते असू दे.

या जत्रेलाही मी लिंबाखाली गेलो होतो. मोर अजून तसाच आहे, कडक. वेणीमाधवराव आले होते, सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यात. चंद्रव्वाशी बोलत उभे राहिले, तब्येत, पाऊस, नातवंडं. बोलता बोलता त्यांचा उजवा हात वर जाऊ लागला. त्यांनी तो डाव्या हातानं धरला आणि खिशात घातला. चंद्रव्वानं हे पाहिलं. तिनं गठ्ठ्यातली एक साधी, कोरी भाकरी काढली, तिच्यावर ना तीळ ना अक्षर, आणि साहेबांपुढं धरली.

"हिच्यावर कायबी लिवल्यालं न्हाय," ती म्हणाली. "खावा बिनघोर."

साहेबांनी ती दोन्ही बाजूंनी नीट वाचून घेतली आणि मगच कड मोडली.